गोळी चुकत नाही, तपासणी मात्र राहून जाते

मैत्रिणींनो, घरातला महत्त्वाचा कागद कुठे ठेवायचा हे प्रत्येकीचे ठरलेले असते. कुणी गादीखाली ठेवते, कुणी पोथीच्या पानांत, कुणी साडीच्या घडीत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे जो कागद वाचायला आला, तो ज्वारीच्या कोठीतून निघालेला होता. घडी उलगडली तेव्हा त्यातून दोन दाणे पडले.

मी देवगाव रंगारीला राहते. सकाळचे घरचे उरकले की शाळेत तासिकेवर शिकवायला जाते. बी.ए. झालेली ‘मॅडम’ म्हणून गल्लीतल्या बायका बँकेचे, रेशनचे, विम्याचे कागद माझ्याकडून वाचून घेतात. त्या दिवसाउजेडी येतात, चहा घेतात, घटकाभर बसतात. ही मात्र दिवेलागणीला आली आणि तीही मागच्या दाराने. माझ्या वर्गातल्या एका मुलाची ही आई. तिचे नाव मी सांगणार नाही, आणि तिच्या ओळखीच्या दोन-चार खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. आपण तिला वहिनी म्हणू.

“मॅडम, ह्याच्यावर काय लिव्हलंय तेवढं सांगा. कोणाला बोलू नका फक्त.”

कागद इंग्रजीत होता. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी, अशी ती चिठ्ठी होती. तारीख आठ महिन्यांपूर्वीची. आणि वर शिक्का होता तो एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्राचा. मी तो वाचला, आणि मी वाचला हे तिने पाहिले. थोडा वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही.

मग तीच म्हणाली, “अकरा वर्षं झाली गोळ्या चालू. एक दिवस चुकले नाही, लेकराची शपथ. मग आता हे नवीन काय काढलंय?”

तिचा नवरा वारला तेव्हा तिची तपासणी झाली आणि तेव्हाच तिला कळले. लग्नाआधी आणि लग्नानंतर तिचे जग म्हणजे माहेर, सासर आणि अद्रकाचे शेत. आपल्याकडे ज्या बायकांना हा संसर्ग झाला, त्यांतल्या बहुतेकींना तो नवऱ्याकडूनच झाला आहे, हे आपण विसरतो. ‘तसल्या बाया’ म्हणून आपण ज्यांच्याबद्दल बोलतो ना, त्या हळदीकुंकवाला आपल्याच शेजारी बसलेल्या असतात.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या संध्याकाळी नीट देता आले नाही. म्हणून मी वाचले, ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारले, आणि जे समजले ते तिला सांगितले. तेच तुम्हालाही सांगते.

एचआयव्हीची औषधे आपल्या देशात सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. त्याआधी हा आजार म्हणजे मरणाचे बोलावणेच वाटे. आता रोज नेमाने गोळी घेणारी बाई मुलांची लग्ने करते, नातवंडे खेळवते. रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर तिच्यापासून जोडीदाराला संसर्गही होत नाही. पण आयुष्य वाढले म्हणजे पुढच्या वयातले आजार गाठण्याइतका वेळही मिळाला. त्यांतला बायकांचा एक मोठा आजार म्हणजे गर्भाशयमुखाचा, आपल्या भाषेत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर.

तो होतो एका वेगळ्याच विषाणूमुळे. त्याचे नाव एचपीव्ही. शरीरसंबंधातून तो येतो आणि संसार केलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो, त्यात कुणाच्या वागण्याला नाव ठेवण्यासारखे काही नाही. एचपीव्ही आणि हा कॅन्सर यांचा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. आपली प्रतिकारशक्ती बहुधा वर्षा-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते. काहींच्या बाबतीत मात्र तो मुक्काम ठोकतो, आणि त्यातून पिशवीच्या तोंडावरची कातडी हळूहळू बिघडत जाते. एरवी निरोगी बाईत या बिघाडाचा कॅन्सर व्हायला १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीवर उपचारच चालू नसतील, तर ५ ते १० वर्षे पुरतात.

एचआयव्हीने प्रतिकारशक्तीच पोखरलेली असते, म्हणून एचपीव्ही तिथे टिकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला या कॅन्सरचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट असतो. गोळ्यांनी धोका कमी होतो, पण संपत नाही. ती गोळी एचआयव्हीला दाबते, एचपीव्हीला ती मारत नाही. वहिनींना मी एवढेच म्हटले, “घराला कुलूप घातलंत ते चांगलंच केलंत. पण आधीच आत शिरलेल्या उंदराला कुलूप काय करणार?” त्या हसल्या. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच.

हसल्या, पण जायला तयार होईनात. “मला काही होतच नाही, तर कशाला जाऊ?” हा पहिला मुद्दा. मैत्रिणींनो, या आजाराची खोच इथेच आहे. बिघाड सुरू असतो तेव्हा दुखत नाही, खुपत नाही. संबंधांनंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्येच अंगावर जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसणे, घाण वासाचे पाणी जाणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. (त्यांतले एखादे लक्षण असेल तर मात्र हा लेख पूर्ण वाचत बसू नका, आधी दवाखाना गाठा.)

दुसरा मुद्दा निघाला तो ऐकून मला रागच आला. मागे एकदा अंगावरून पांढरे जाते म्हणून ती एका खाजगी दवाखान्यात गेली होती. कुठल्या ते सोडा. तिथे धड तपासणी न करताच सांगण्यात आले, ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ पैसे नव्हते म्हणून बिचारी वाचली. आपल्या मराठवाड्याला ही भीती नवीन नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ साली उघड झाले. सरकारने समिती नेमली, पाहणी झाली आणि अशा १३,००० हून अधिक बायका निघाल्या. त्यात तिशीच्या आतबाहेरच्या कितीतरी! पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. मी सांगते आहे ती तपासणी तर पिशवी वाचवण्यासाठीच आहे.

तिसरा मुद्दा तिने बराच वेळ पोटात ठेवला होता. ती म्हणाली, “तिथं रांगेत नाव पुकारतील, आजार पुकारतील.” एकदा तसे झाले होते. एका ठिकाणी खिडकीवरच्या बाईने चारचौघांत मोठ्याने विचारले होते, ‘तुम्ही त्या गोळ्यांच्या का?’ शेजारच्या बाकावर बसलेल्या बाईने पदर आवरला आणि उठून लांब जाऊन बसली. त्या दिवशी वहिनी नंबर न लावताच एस.टी.त बसून परत आली. तिला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते, की अशा प्रसंगासाठी कायदा आहे. एचआयव्ही-एड्सबाबतचा २०१७ सालचा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्या बाईच्या संमतीशिवाय तिची स्थिती उघड करता येत नाही आणि त्या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत. कायदा आहे खरा, पण रांगेत उभ्या असलेल्या बाईला तो हातात धरून दाखवता येत नाही, हेही तितकेच खरे.

मी म्हटले, “आपण दोघी जाऊ. माझीही तपासणी कुठे झालीय?”

हे बोलले मी सहज, आणि मग मलाच लाज वाटली. माझे वय ३६. शाळेच्या भिंतीवर आरोग्याची भित्तिपत्रके मीच चिकटवते. भिशीत साड्यांपासून सासवांपर्यंत सगळे बोलतो, पण हे कधी बोललो नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले गेले, ही तपासणी कधी केली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. आणि २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळजवळ ८०,००० दगावतात. तेव्हा वहिनींना शहाणपण शिकवणारी मी कोण?

आता तपासणीविषयी. एचपीव्हीची थेट तपासणी सर्वांत चांगली, पण तिला यंत्र लागते, पैसे लागतात. पॅपची तपासणी म्हणजे पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, त्याला प्रयोगशाळा आणि जाणकार लागतात. आणि तिसरी आहे अगदी साधी. शिरका, म्हणजे व्हिनेगर, त्यात जे आम्ल असते तेच पातळ करून कापसाच्या बोळ्याने पिशवीच्या तोंडाला लावायचे आणि एक मिनिट थांबायचे. बिघडलेली जागा पांढरी पडते, चांगली जागा गुलाबीच राहते. बस, एवढेच. (आपल्या पानांतले घरगुती उपाय वाचून लगेच करून पाहणाऱ्या मैत्रिणी पुष्कळ आहेत, म्हणून बजावते: स्वयंपाकघरातल्या बाटलीला हात लावू नका. हे पाहायला उजेड, साधन आणि शिकलेली नजर लागते.)

इतक्या साध्या गोष्टीचा उपयोग होतो का? तर त्याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांतल्या दीड लाखाच्या आसपास बायकांचा अभ्यास केला. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, महिनाभराचे प्रशिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्यसेविका. दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ साली ही आकडेवारी मांडली.

त्याच सुमारास आपल्या मराठवाड्यातही काम चालले होते. उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार गट करून वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचे त्यात मोठे काम. आठ वर्षांनी पाहिले तर आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू होते आणि जवळपास तेवढ्याच मोठ्या पण तपासणी न झालेल्या गटात ६४. ज्या बायकांची एचपीव्हीची तपासणी निर्दोष आली त्यांच्यात या कॅन्सरने एकही मृत्यू नाही. २००९ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. तपासणी न झालेल्या त्या ६४ जणींचे काय, हा प्रश्न पुढे काही जणांनी विचारला. मलाही तो वाचताना टोचलाच. खेड्यातल्या बायांच्या जिवावर जगाला शहाणपण आले, ते निदान त्यांच्या लेकीसुनांच्या तरी उपयोगी पडावे, नाही का?

हे झाले सर्वसाधारण बायकांचे. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांचा अभ्यास पुण्यात ‘प्रयास’ या संस्थेने केला. हजाराहून अधिक बायकांच्या सगळ्या प्रकारच्या तपासण्या एकमेकींशी पडताळून पाहिल्या आणि २०१३ साली निष्कर्ष छापला, की जिथे साधने कमी आहेत तिथे व्हिनेगरची आणि तिच्याच जोडीची आयोडीन लावून करायची तपासणी एकामागोमाग करणे हा सर्वांत जमण्याजोगा मार्ग आहे. एचपीव्हीची तपासणी परवडू लागेल तेव्हा ती आधी करावी.

म्हणजे उपाय माहीत आहे, स्वस्त आहे, आपल्याच मुलखात सिद्ध झालेला आहे. तरी वहिनींचा कागद आठ महिने ज्वारीत. माझ्या मते यात तिच्याइतकाच दोष वेगवेगळ्या खिडक्यांचा आहे. गोळ्या एका इमारतीत, बायकांची तपासणी दुसऱ्या, वार वेगळा, वेळ वेगळी. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बाईच्या हातात चिठ्ठी देऊन ‘पुन्हा या’ म्हटले की ती चिठ्ठी कोठीतच जाणार. जिथे गोळ्या मिळतात तिथेच, त्याच फेरीत, ही तपासणी उरकायला हवी.

मार्गशीर्षात आम्ही दोघी शहरात गेलो. बायकांना एस.टी.चे तिकीट २०२३ पासून अर्धे आहे, तेवढाच आधार. सासूबाईंना मी सांगितले, बायकांच्या तपासणीला चाललोय, आणि हे खरेच होते. दोघी गेल्यामुळे कुणी कशासाठी असे विचारलेच नाही. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंना मात्र वहिनीने स्वतःच हळू आवाजात सांगितले. ते सांगायलाच हवे, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते.

तपासणीला पाच-सात मिनिटे लागली असतील. दुखत नाही म्हणणार नाही, थोडे अवघडते, थोडी जळजळ होते, बाळंतपण सोसलेल्या बाईला त्याचे काही वाटू नये. माझे निर्दोष आले. वहिनी बाहेर आली ती चेहरा उतरवून. पांढरा डाग दिसला होता.

मग मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिले, कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. पंधरा दिवस. ते पंधरा दिवस मी कधी विसरणार नाही. तिचा मुलगा वर्गात पहिल्या बाकावर बसतो, त्याच्याकडे पाहिले की पाढे सांगता सांगता माझे लक्ष उडायचे. अहवाल आला. कॅन्सर नव्हता. कॅन्सरच्या आधीची पायरी होती, पण पुढच्या टप्प्यातली. आणखी चार-पाच वर्षे कागद कोठीत राहिला असता तर काय झाले असते, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

उपचार पाहून मी थक्क झाले. एका छोट्या उपकरणाचे तापवलेले टोक त्या जागेवर मिनिटभरदेखील न लागता टेकवतात, बिघडलेली कातडी जळून जाते, खालून नवी येते. भूल नाही, टाके नाहीत, संध्याकाळच्या गाडीने आम्ही घरी. डाग मोठा किंवा आत गेलेला असेल तर तेवढा भाग कापून काढावा लागतो, पण पिशवी राहतेच. नंतर काही आठवडे पाण्यासारखे जाते, त्याला घाबरू नये. जखम भरेपर्यंत महिना-दीड महिना नवऱ्यापासून दूर राहावे. वहिनींना तो प्रश्न नव्हता, पण ज्यांना आहे त्यांनी हे डॉक्टरांकडून नवऱ्याच्या समोरच वदवून घ्यावे, म्हणजे घरी वाद नको. एचआयव्ही असलेल्या बाईने तर हे पाळायलाच हवे, आणि जमत नसेल तर निरोध हवाच.

कधी जायचे, हे विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे साधारण बाईने तिशीपासून, एचआयव्ही असलेल्या बाईने पंचविशीपासून. तिची एचपीव्हीची तपासणी असेल तर दर ३ ते ५ वर्षांनी, व्हिनेगरची असेल तर दर ३ वर्षांनी, आणि डॉक्टर लवकर बोलावतील तर लवकर. पाळी चालू नसताना जावे. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या सासूबाईंना व्हिनेगरची तपासणी तितकी भरवशाची नाही, त्यांच्यासाठी दुसरी विचारावी. जिथे एचपीव्हीची तपासणी मिळते तिथे बाई स्वतःच आडोशाला जाऊन काडीने नमुना घेऊ शकते. लाजणाऱ्या बायकांना हे फार सोयीचे पडेल.

आणि लेकींसाठी लस आहे. ९ ते १४ वर्षांच्या वयात दिलेली सर्वांत उपयोगी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली आपली लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. एचआयव्ही असलेल्या मुलीला एक डोस पुरत नाही, दोन तरी द्यावे लागतात आणि जमल्यास तीन. लस घेतलेल्या लेकीलाही पुढे वयात आल्यावर तपासणी चुकत नाही. काही विचारायचे असेल आणि तोंड दाखवायचे नसेल, तर १०९७ हा एचआयव्हीविषयी माहिती देणारा सरकारी मोफत क्रमांक आहे.

वहिनींना वर्षाने पुन्हा दाखवायला बोलावले आहे. ती तारीख मी माझ्या कालनिर्णयवर लिहून ठेवली. घरात कुणी विचारेल म्हणून फक्त ‘शहरात जाणे’ एवढेच लिहिले होते. मागच्या भिशीत मी माझ्या तपासणीचे सगळे सांगितले, वहिनींचे अर्थातच नाही, तेव्हा दोघीजणी म्हणाल्या, आम्हालाही घेऊन चला. त्या चौकोनात आता पुढे लिहिले आहे, ‘चौघी’.